सड्यापासून कुळागरापर्यंत : गोव्यातील एखादे शांत रान पायी कसे पाहावे

गोव्यात रान पाहायला जायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दूधसागर येतो, नाहीतर बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय. या लेखाचा विषय त्याहून साधा आहे. सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत गावाला लागून अशी कितीतरी राने आहेत, ज्यांना ना पाटी आहे, ना तिकीट, ना पाहण्याच्या ठिकाणांची यादी. अशा एका रानात पहाटेपासून दुपारपर्यंत नीट कसे हिंडावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे म्हणणे एवढेच की असे रान सुटे पाहून कळत नाही. वरचा जांभ्या दगडाचा सडा म्हणजे सपाट माळ, उतारावरची झाडी, पायथ्याची देवाची राय म्हणजे देवराई, तिच्या खालचे कुळागर म्हणजे पोफळीची बाग आणि त्याही खालची भातशेती ही सगळी एकाच पाण्यावर जगतात. म्हणून पाहणीसुद्धा पाण्याच्या वाटेने, वरून खाली करावी.

रान निवडताना

हिरवे दिसते ते सगळे रान नव्हे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालानुसार गोव्याच्या ३,७०२ चौ. कि.मी. क्षेत्रफळापैकी सुमारे ६० टक्के भाग वनाच्छादित आहे. मात्र ही मोजणी उपग्रहाला दिसणाऱ्या झाडांच्या छत्रावर होत असल्याने काजूच्या बागा आणि कुळागरेही तिच्यात येतात. प्रत्यक्ष जागेवर फरक ओळखणे अवघड नाही. एकाच जातीची, एकाच उंचीची झाडे आणि खाली साफ केलेली जमीन दिसली, तर ती काजूची बाग समजावी. सड्याच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची सरळ ओळ आणि तिच्याखाली न कुजलेल्या कोयत्यासारख्या पानांचा जाड थर असेल, तर ती वनीकरणातील लागवड असते. नैसर्गिक रानात उंच झाडे, मधली झाडे, झुडपे आणि रोपे असे थर एकावर एक दिसतात, वेली खोडांना धरून वर गेलेल्या असतात आणि पडलेले लाकूड जागीच कुजत असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने लहान रान निवडावे. ज्याच्या एका कडेने बारमाही व्हाळ म्हणजे ओढा वाहतो, वर सडा आहे आणि खाली वस्ती आहे, असा अर्ध्या दिवसात पायी फिरता येणारा टापू पुरेसा असतो. सत्तरीत केरी, ब्रह्माकरमळी, माळोली या बाजूंना अशी रचना जागोजागी आढळते.

त्यानंतर जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही अभयारण्ये आहेत. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाता येत नाही. सत्तरीतील कितीतरी गावे म्हादई अभयारण्याच्या हद्दीत किंवा अगदी काठावर आहेत, तेव्हा हद्द नेमकी कोठून जाते हे जवळच्या वनक्षेत्र कार्यालयात विचारून घेणेच बरे. पावसाळ्यात अभयारण्यातील धबधब्यांकडे जाण्यास बंदी असू शकते, तीही तेथेच कळते. अभयारण्याबाहेरची जमीन सरकारी, कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची), देवस्थानाची किंवा खाजगी असते. कुंपण दिसत नाही म्हणून ती बेवारशी ठरत नाही.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. या नकाशावरील समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा विरळ दिसतात तो सडा, दाटीवाटीने येतात तो उतार, आणि त्या डोंगराच्या बाजूला आत वळतात तेथे घळ, म्हणजे व्हाळाची वाट. निळ्या रेषा पेन्सिलीने गिरवून घ्याव्यात. मोबाइलवरील उपग्रहचित्र जोडीला असावे, पण ते शक्यतो एप्रिल-मेमधले पाहावे. उन्हाळ्यात पानगळीचे रान तपकिरी दिसते, आणि तरीही एखादा पट्टा गडद हिरवा राहिला असेल तर तेथे जमिनीत पाणी आहे. राई बहुधा अशाच पट्ट्यात सापडते.

वाट चार-पाच किलोमीटरांहून लांब आखू नये. डांबरी रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस रानात थांबत, पाहत दीड किलोमीटरच जातो, आणि तेवढेच जावे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. दाट झाडीत अंधार त्याहून अर्धा तास आधी पडतो. सकाळी साडेसहाला निघून एकपर्यंत गावात परतणे हा सर्वांत सोयीचा बेत. बसने जाणार असाल, तर सत्तरीतल्या वाळपई शहरातून आपल्या गावाकडे दिवसाला किती फेऱ्या आहेत आणि परतीची शेवटची बस कधी आहे, हे आदल्या दिवशीच विचारावे. घाटाखालच्या घळींत मोबाइलला रेंज मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे लिहून घरी आणि गावात एकेका माणसापाशी ठेवावे.

कोणत्या महिन्यात जावे

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ नवख्यासाठी उत्तम, कारण व्हाळ वाहते असतात, वाटा वाळलेल्या असतात आणि हवा सोसवते. ऑगस्ट-सप्टेंबरात सडे फुलतात, पण जळवा, निसरडी जांभी आणि अचानक वाढणारे पाणी यांची तयारी लागते. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. गावातली माणसे बागांत असतात, काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, वाळलेले गवत सहज पेट घेते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास लागलेले वणवे अनेकांना आठवत असतील. या दिवसांत काडेपेटी आणि विडी-सिगरेट गावातच ठेवून जावे.

जून आणि जुलै मी नवख्यांना सुचवत नाही. त्या दिवसांत पावसाचा रान पाहण्याशी फारसा मेळ बसत नाही. माणूस पावलांकडे पाहत चालतो, वर मान करतच नाही.

सुरुवात गावातून

गाडी थेट रानाच्या तोंडाशी नेऊन उभी करू नये. देवळापाशी किंवा दुकानापाशी उतरून कोणी वडीलधारे माणूस भेटल्यास दोन शब्द बोलावे. “मामा, या वाटेने सड्यावर जाता येते ना?” एवढ्या प्रश्नातून वाट तर कळतेच, शिवाय गवे हल्ली कोणत्या बाजूला उतरतात, कोणत्या साकवाची फळी मोडली आहे, राईत आज कोणाचे धार्मिक कार्य आहे का, हेही समजते. शक्य असल्यास गावातलाच एक जाणता सोबती घ्यावा, त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवावी आणि न घासाघीस करता द्यावी. कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता लावून पुढे चालणारा असा माणूस नकाशात नसलेल्या गोष्टी दाखवतो.

देवाच्या राईसंबंधी मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. ही राय राखणदाराची असते, म्हणजे गावाची सीमा आणि माणसे सांभाळणाऱ्या दैवताची. बहुतेक ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात. पान, फूल, फळ, वाळलेली काटकी यांपैकी काहीही बाहेर नेता येत नाही, आणि काही रायांत ठरावीक दिवशीच किंवा ठरावीक माणसांनाच प्रवेश असतो. हे नियम आपल्याला पटतात की नाही हा वेगळा प्रश्न आहे. या नियमांमुळेच ती झाडे आजवर उभी राहिली. नाही म्हटले तर कडेने पाहून पुढे जावे.

अंगावर मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात पकड असलेले बंद बूट आणि लांब मोजे असावेत. विजार मोज्यात खोचावी. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, पाव-भाजी किंवा पोळी, मीठ-साखर, बँडेजपट्टी, शिट्टी, विजेरी, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. दुर्बीण असल्यास ८ × ४२ची बरी, कारण झाडीतल्या अपुऱ्या उजेडातही तिच्यातून नीट दिसते. अत्तर लावू नये. गाणी वाजवणारा डबा नेणाऱ्याने समुद्रकिनाऱ्यावर जावे, तेथे त्याची कोणाला अडचण होत नाही.

सडा

सकाळी आधी सड्यावर चढावे. पहिल्या नजरेत तो ओसाड वाटतो, पण खालच्या सगळ्या रानाचे पाणी इथूनच मुरते. जांभा दगड भोकाभोकांचा आणि भेगाळलेला असतो, त्यामुळे पावसाचे बरेच पाणी त्यातून खाली जाते. त्याखाली चिकण मातीचा घट्ट थर लागला की ते पुढे न मुरता आडवे सरकते आणि उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. पणजीच्या आसपास वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर आणि घाटाकडे त्याहून बराच अधिक पाऊस पडतो, आणि तो संपून कित्येक महिने झाले तरी मे महिन्यात राईतला झर वाहतो, तो या साठ्यामुळे. सड्यावर चिरे काढण्याची खण दिसली, तर त्या खणीच्या खालच्या बाजूला असलेली विहीर किंवा झर आता कसा आहे, हे गावात आवर्जून विचारावे.

सप्टेंबरात गेल्यास गुडघे टेकून बसावे, कारण येथील वनस्पती बोटभर उंचीच्या असतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले ओलसर मातीत एकत्र फुललेली दिसतात. ही वनस्पती मातीतल्या पाण्यात बुडालेल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडते, कारण सड्याच्या पातळ मातीत नत्र फार थोडे असते. दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी तेच काम करते. गेंदाची पांढरी बोंडे, कवळ्याची पिवळी फुले आणि तेरड्याचा गुलाबी रंग यांच्या जागा ठरलेल्या असतात. पाणी साचते तेथे गेंद, त्याच्या काठाने सीतेची आसवे आणि जरा निचरा असलेल्या मातीत तेरडा, असा क्रम साधारणपणे आढळतो. फुलांतून चालू नये, उघड्या दगडावरून चालावे.

जुन्या चिरेखणी पावसानंतर पाण्याने भरलेल्या असतात. त्यांच्या भिंती सरळ कापलेल्या असल्यामुळे आत पडलेल्याला वर येता येत नाही. काठाशी जाऊ नये, आणि पोहण्याचा विचारही करू नये.

उतार

सड्यावरून उतरताना प्रथम पानगळीचे रान लागते. येथे झाडे सालीवरून ओळखायला शिकावे, कारण पाने चाळीस-पन्नास फुटांवर असतात आणि वर्षातले काही महिने नसतातच. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, ज्याला घाटावर ऐन म्हणतात, त्याची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांत फुटलेली असते. नाण्याचे खोड फिकट आणि गुळगुळीत असते आणि सालीचे पातळ पापुद्रे सुटत असतात. किंदळ, जांबा, कुंभा ही या रानातली नेहमीची मंडळी. चांदाड्याची मोठी ढालीसारखी पाने जेथे दाटीने दिसतात, तेथे काही वर्षांपूर्वी रान तोडले गेले असावे, असा अंदाज करता येतो. ही जात मोकळ्या झालेल्या जागी लवकर उगवते. उतारावर मधूनच दगडांचे जुने बांध दिसले, तर तेथे पूर्वी कुमेरी होत असण्याची शक्यता असते. रान कापून, जाळून त्या राखेत नाचणी पेरण्याची ही पद्धत, आणि अशा कितीतरी जागी आता काजू उभे आहेत.

प्राणी दिसतीलच असे नाही. त्यांच्या खुणा मात्र दिसतात. वाटेतल्या उंच दगडावर बियांनी भरलेली विष्ठा असेल, तर ती बहुधा उदमांजराची. वारूळ खोलवर उकरलेले असेल, तर अस्वलाचा विचार मनात आणून जरा मोठ्याने बोलत पुढे जावे. शेणाचा थापा पाळीव म्हशीचा की गव्याचा, हे विष्ठेवरून नक्की सांगणे कठीण. त्यासाठी खुरांचा माग, आसपासच्या कारवीचे खुडलेले शेंडे आणि जवळ गोठा आहे की नाही, हे सगळे मिळून पाहावे लागते. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी समोर आला, तर जागीच थांबावे, त्याला वाट मोकळी ठेवून बाजूने हळूहळू मागे सरकावे. फोटोसाठी जवळ जाऊ नये, एकटा नर असेल तर मुळीच नाही.

राय आणि झर

उतार संपत येतो तशी हवा बदलते. पायाखालचा पाचोळा वाजेनासा होतो, ओलसर मातीचा वास येतो आणि उजेड कमी होतो. राईत शिरण्यापूर्वी पाच मिनिटे कडेला उभे राहावे, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय होते. गारंबीची मांडीएवढी जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली दिसेल. तिची शेंग हातभर लांब असते आणि बी तळव्यात मावते. भेरली माडाचे घोस वरून लोंबत असतात. व्हाळाच्या काठाने सीताअशोक उभा असेल, तर फेब्रुवारीनंतर त्याच्या जुन्या फांद्यांवरच केशरी फुलांचे गुच्छ लागतात.

सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय या सर्वांत निराळी आहे, कारण तेथे रानजायफळाचे पाणथळ जंगल आहे. सह्याद्रीत अशी जंगले आता अगदी थोडी उरली आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडे श्वासासाठी मुळे मातीतून वर काढतात. ती गुडघा मोडल्यासारखी वाकून पुन्हा खाली जातात आणि त्यांच्यामधून झऱ्याचे पाणी संथ वाहत असते. मुळांवर पाय देऊ नये, तसे केल्यास ती मुळे सोलवटतात आणि कुजतात. फळ उकलले की आतल्या बीवर लालभडक जाळीदार आवरण दिसते. ते खाण्यासाठी धनेश येतात आणि बी दूर नेऊन टाकतात. याच सावलीत कधीकधी काळ्या रेघा आणि ठिपके असलेले मोठे, पांढुरके फुलपाखरू पंख न हलवता तरंगत जाते. ते मलबार ट्री निम्फ, गोव्याचे राज्य फुलपाखरू.

या भागात चालणे थांबवावे आणि बसावे. बसण्यासाठी दगड निवडावा, पाचोळा नव्हे. आपल्या येण्याने गप्प झालेले रान पुन्हा बोलू लागायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि बहुतेक लोक दहाव्या मिनिटाला उठतात. त्यानंतर पक्ष्यांचा मिश्र थवा येतो : पल्लवपुच्छ कोतवाल पुढे, त्याच्या आगेमागे बुलबुल, सुतार, वटवटे. कोतवाल इतरांनी उडवलेले किडे पटकावतो आणि शिकारी पक्षी दिसला की सर्वांच्या आधी ओरडतो. ऐकलेले आवाज ओळखता आले नाहीत, तरी वहीत दिशा आणि वेळ लिहून ठेवावी. आवाजावरून पक्षी ओळखणारी मोबाइल अॅप उपयोगी असतात, मात्र पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा आवाज वाजवू नये, विशेषतः घरट्यांच्या हंगामात.

कुळागर आणि त्याखालचे शेत

झराचे पाणी राईतून बाहेर पडले की पाटाने कुळागरात जाते. पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी, कडेला जायफळ, फणस, भिरंड (कोकम) आणि माड अशी ही बाग खाजगी असते, तेव्हा मालकाला हाक मारल्याशिवाय आत शिरू नये. पाट कोठे फुटतो, पाणी कोणाकडे किती वेळ जाते, बांध कधी घालतात, हे विचारल्यास कुळागरवाले आनंदाने सांगतात. त्या माहितीतून राईतला झर किती महिने पुरतो हे आपोआप कळते. म्हादईच्या काठच्या काही गावांत पाणी ओसरल्यावर नदीच्या पात्रातच पुरण शेती केली जाते, ती पाहण्याचा योग आला तर सोडू नये. निघताना “देव बरें करूं” म्हणायला विसरू नये.

काजूची बोंडे वाटेवर पडलेली असली तरी उचलू नयेत, कारण ती त्या घराची वर्षाची कमाई असते. संध्याकाळनंतर शेताच्या कडेने हिंडू नये. रानडुकरांसाठी लावलेले फास आणि विजेच्या तारा अंधारात दिसत नाहीत.

ज्या गोष्टींची खरी भीती बाळगावी

वाघ-बिबट्याची धास्ती लोक घेतात, पण नेहमीचा धोका लहान जिवांचा असतो. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा विषाणूजन्य ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि साधारण डिसेंबर ते मे या काळात त्याचा जोर असतो. या महिन्यांत जाण्यापूर्वी गावच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी, हातापायांना गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, पाचोळ्यात लोळू नये आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

सापांच्या बाबतीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही नावे सर्वांना ठाऊक असतात. ओल्या रानात त्यांच्या जोडीला चापडा असतो. तो फांदीवर किंवा दगडावर तासन्‌तास निश्चल पडून राहतो आणि रंगाने शेवाळाशी, पाचोळ्याशी मिळून जातो. म्हणून आधाराला हात टाकण्यापूर्वी फांदी पाहावी. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस वरच्या चार सापांसाठी बनवलेली आहे, चापड्यावर ती चालत नाही. दंश कोणताही असो, कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काही करू नये. अंगठी-कडे काढावे, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

व्हाळ ओलांडताना पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाहत आल्या किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर वर घाटात पाऊस झाला आहे असे समजून ताबडतोब उंच काठावर यावे. पाणी गुडघ्यांच्या वर असल्यास ओलांडू नये. दोन-तीन तासांत ते बहुधा उतरते. कोंडीत, म्हणजे व्हाळातल्या डोहात, उडी मारू नये. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांना आणि बिब्ब्याच्या चिकाला हात लावू नये. हुमल्यांचे (चावऱ्या तांबड्या मुंग्यांचे) पानांचे घरटे डोक्याशी असते, पायाशी नव्हे, तेव्हा फांद्या बाजूला सारताना वर पाहावे. आग्या माश्यांचे पोळे दिसल्यास आवाज न करता दुरून निघून जावे.

परतल्यावर

घरी आल्यावर आधी गरम पाण्याने अंघोळ करावी आणि काख, जांघ, कानामागे गोचीड आहे का ते पाहावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, तेल किंवा काडी लावू नये. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात एकाएकी ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे. ते ठाऊक नसले तर साधा ताप समजून दिवस जातात.

वही त्याच संध्याकाळी पक्की करावी. तारीख, वेळ, हवामान, झराला पाणी किती, कोणते झाड फुलावर वा फळावर होते, गावात कोणते नाव ऐकले, हे पुरे. तोच टापू पावसाळ्याच्या अखेरीस, हिवाळ्यात आणि मे महिन्यात असा पाहिला की ओळी एकमेकींशी बोलू लागतात. मेमध्ये झर आटला असेल तर सड्यावर वर्षभरात काय घडले ते शोधण्याची दिशा मिळते. ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी टाकाव्यात, पण धनेशाची ढोली, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) आणि वाघाचा माग यांचे नेमके ठिकाण उघड करू नये, आणि राईचे छायाचित्र सगळ्यांना दाखवण्याआधी त्या गावातल्या जाणत्यांना एकदा विचारावे.